सत्तेचाळीस नंबरचा घास

संस्थेचा डीप फ्रीझर मी उघडला आणि किंचाळले.

आत घास होता. चहाच्या कागदी कपांत लावलेला हिरवागार लसूणघास, ओळीनं मांडलेला... आणि त्याच्या पानापानांवर पांढरा बर्फ.

यात किंचाळण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण त्या वर्षी आमच्या शिरूर कासार तालुक्यात हिरवं म्हणून काही उरलंच नव्हतं. माझे आप्पा दोन गाई घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. गावच्या दूध संस्थेत रोज नऊशे लिटर दूध यायचं, ते दोनशेवर आलं होतं. पनीरसाठी घेतलेला हा फ्रीझर सहा महिने रिकामा पडून होता. निदान मी, संस्थेची सचिव, चार दिवस बीडला ट्रेनिंगला जाईपर्यंत तरी रिकामाच होता.

"दार लावा! ओ ताई, आधी दार लावा! उणे सहावर आणलंय मोठ्या मुश्किलीनं!"

माकडटोपी घातलेला एक उंच माणूस मागच्या दारातून धावत आला. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. सकाळचे सहा वाजले होते, बाहेर दुधाची रांग लागायची होती, आणि हा माणूस मलाच माझ्या संस्थेत दार लावायला सांगत होता.

"तुम्ही कोण?"

"पंडित."

"कुठले पंडित?"

"तेलगावचा. नावच पंडित हाय माझं... म्हणजे आहे. कृषी विद्यापीठात पीएचडी करतो. चेअरमनसाहेबांची परवानगी आहे, ताई, दार—"

"माझी म्हैस महिनाभर वाळका कडबा चघळतेय," मी म्हणाले, "आणि तुम्ही इथं ओला घास गोठवून मारताय? लाज वाटत न्हाई?"

"सगळा नाही मरणार," तो शांतपणे म्हणाला. "जो मरणार नाही, तोच हवाय मला."

आणि मी हलत नाही असं बघून त्यानं माझ्या खांद्यावरून हात पुढे करून दार स्वतःच लावलं. क्षणभर गार वाफ दोघांच्या मध्ये अडकली. त्याच्या स्वेटरला निलगिरीचा वास येत होता. मी रागानं लाल झाले होते... रागानंच. तेव्हा तरी मी तसंच समजत होते.

चेअरमनना फोन लावला. परवानगी खरी निघाली. मग दूध मोजता मोजता मी त्याला उलटतपासणीला घेतलं. मी सोडणारी नाही. आईनं माझं नाव सत्यभामा उगीच ठेवलेलं नाही.

"इथं पाण्यावाचून जीव चाललाय सगळ्यांचा. तुम्हाला गारठ्याचं काय पडलंय?"

"थंडीनं झाड कसं मरतं, सांगा बरं."

"गारठून."

"तहानेनं," तो म्हणाला.

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं.

"बर्फ आधी पेशीच्या बाहेर होतो," तो सांगू लागला, आणि सांगताना त्याचे डोळे असे काही चमकले की रांगेतल्या बायकाही ऐकायला लागल्या. "तो बर्फ पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतो. थेंब थेंब. झाड बर्फात उभं असतं, आणि आतून वाळून जातं. म्हणून ज्याला गोठण सोसते, त्याला दुष्काळही सोसायचा संभव जास्त. दोन्हीला तोंड देणारी बरीच जनुकं एकच आहेत. विहीर आटायची वाट बघत बसलो तर वर्ष जाईल; फ्रीझर एका दिवसात सांगतो."

"म्हणजे तुम्ही फ्रीझरात दुष्काळ पाडताय."

तो खळखळून हसला. "हे मी प्रबंधात लिहू का?"

"लिहा. पण नाव माझं टाका."

पहिल्या दिवशी तो मला 'ताई' म्हणाला. तिसऱ्या दिवशी 'मॅडम' म्हणाला. दहाव्या दिवशी नुसतंच 'तुम्ही' उरलं, आणि 'तुम्ही'च्या आधी तो जरासा थांबायला लागला. मीही फॅट मशीन पुसायला आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ घ्यायला लागले.

फ्रीझरशेजारी पनीरची थंड खोली होती. तिथं ट्यूबलाइटखाली त्याचे ट्रे ठेवलेले असत. दारातूनच काय दिसेल ते बघायचं. गारवा जातो म्हणून तो कुणाला आत येऊ देत नसे. एकदम गोठवलं तर कुठलंच झाड वाचत नाही, असं तो म्हणे. आधी दोन आठवडे चार अंशांत ठेवून सवय करायची; पहिले कप तो विद्यापीठातूनच तशी सवय लावून घेऊन आला होता. तेवढ्यात झाडातली जनुकं जागी होतात, कुणाची लवकर, कुणाची उशिरा.

"आणि ज्याची उशिरा जागी होतात त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं अवघड आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मी त्याच जातीचा आहे बहुतेक."

मला हसू आवरेना.

"पण बी टाकलं की परत उगवेल ना मेलेलं?"

"नाही ना. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, घासाकडे चार. त्यात एका झाडाचे पराग दुसऱ्यावर. म्हणून एकासारखं दुसरं झाड होत नाही. गेलं ते गेलं." मग माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "काळजी करू नका. प्रयोग संपला की उरलेला घास तुमच्या हरणीलाच."

हरणी म्हणजे आमची म्हैस. नुकतीच व्यालेली, म्हणून छावणीत न नेता घरी ठेवलेली. आमच्या विहिरीजवळ माझ्या आईनं पंचवीस वर्षं जपलेला घासाचा वाफा होता. लग्नानंतर तिनं माहेरून बी आणून लावला होता. दिवाळीनंतर विहीर आटली आणि तो वाफाही वाळून गेला. आई त्या बाजूला बघायचीसुद्धा नाही.

आता संस्थेतल्या फळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या फळीनंच केलं.

आमच्याकडे प्रत्येक सभासदाला नंबर असतो. कॅनवर नंबर, दुधाच्या नमुन्याच्या बाटलीवर नंबर. खिडकीखाली एक लांब फळी आहे. कुणाचं औषध आलं, कुणाचा डबा राहिला, कुणाच्या लेकीनं चिठ्ठी ठेवली, की त्यावर नंबर टाकून फळीवर ठेवायचं. ज्याचा नंबर, त्यानं उचलायचं. कुणी विचारत नाही, कुणी दुसऱ्याचं घेत नाही. संस्था सुरू झाल्यापासूनचा नियम आहे. आमच्या घराचा नंबर सत्तेचाळीस.

त्या संध्याकाळी कॅन धुऊन झाल्यावर पंडित दारात घुटमळला.

"उद्या... तुमच्यासाठी एक गोष्ट आहे."

"काय?"

"सत्तेचाळीस नंबरची." एवढं बोलून तो गडबडीनं निघून गेला, उंबऱ्याला ठेचकाळला, मागं वळला, हसला आणि पुन्हा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिशेबाची वही घ्यायला संस्थेत गेले. तो नव्हता. आणि फळीवर, खिडकीच्या उन्हात... घास होता. अख्खा ट्रे. चोवीस कप, हिरवेगार, वीतभर वाढलेले. ट्रेच्या पट्टीवर निळ्या मार्करनं लिहिलेलं होतं: ४७.

 मी इकडंतिकडं बघितलं; तिथं कुणी नव्हतं. गुलाब कुणीही देईल हो. पण त्या जानेवारीत, त्या तालुक्यात, ओला घास? कुणी मला त्या दिवशी सोन्याचा हार दिला असता तरी मी इतकी हादरले नसते.

ट्रे डोक्यावर घेऊन, पदरानं झाकून, मी घरी आले.

"कावून आणलास गं इतका घास? कुणी दिला?" आईनं विचारलं.

"संस्थेतून आलाय. आपल्या नंबरचा हाय."

मी विळ्यानं एकेका कपातला घास कापला आणि हरणीला स्वतःच्या हातानं भरवला. महिनाभरानं ओलं खाताना ती डोळे मिटून घेत होती. मुळं नि माती मी उकिरड्यावर ओतली, कप आईनं धुऊन ठेवले. ती रात्र मी लाजण्यात घालवली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सकाळी सहाला मी कधी नव्हे ती नीट वेणी घालून संस्थेत गेले. तो फळीखाली वाकून काहीतरी शोधत होता. चेहरा राखेसारखा झालेला.

"फळीवरचा ट्रे बघितला का तुम्ही? थंड खोलीचा फ्यूज गेलता काल. उजेडाला म्हणून तासभर इथं ठेवला, फ्यूज आणायला शिरूरला गेलो आणि गाडीच बंद पडली... सत्तेचाळीसचा ट्रे..."



"तो..." मी म्हणाले. "तो हरणीनं खाल्ला."

बैलगाडीतून संस्थेचे कॅन वाहणारे सटवामामा कॅन उचलत होते, ते कॅन हातात धरून तसेच उभे राहिले. 

"खाल्ला?"

"नंबर आमचा होता. फळीवर होता. मला वाटलं..." पुढचं बोलता आलं नाही मला. काय सांगणार होते? मला वाटलं तुम्ही माझ्यावर प्रेम करता, म्हणून मी तुमचं दोन वर्षांचं काम म्हशीला घातलं?

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग हळू आवाजात त्यानं जे सांगितलं, त्यानं मी दुसऱ्यांदा हादरले.

"ते तुमच्याच घराचं होतं. दोन वर्षांमागं मी गावात आलतो, तुम्ही तेव्हा बीडला कॉलेजात. ज्या ज्या सभासदानं बी दिलं, त्याचा नंबर त्या ट्रेला. सत्तेचाळीस म्हणजे तुमच्या आईच्या वाफ्याचं बी, होतं नव्हतं ते सगळं पेरलेलं. सगळ्या पन्नास घरांत तेच सगळ्यात काटक दिसत होतं. काल तेच सांगायचं होतं तुम्हाला. आज उणे आठला लावणार होतो."

आईचा घास. वाफा वाळल्यावर जगात उरलेला तेवढाच. आणि तो मी विळ्यानं कापला होता.

"मुळं?" तो एकदम उठला. "मुळं कुठंयत? गड्ड्यातून फुटतो घास! मुळं असतील तर—"

"उकिरड्यावर!"

आम्ही दोघं रस्त्यानं पळत सुटलो. मी पुढे, तो मागे, त्याच्यामागे सटवामामा "अगं थांब, अगं ऐक" करत. घरी पोचलो तर उकिरडा रिकामा. खणून, झाडून साफ.

"तेच सांगतोय कवापासून," सटवामामा धापा टाकत म्हणाले. "पहाटेच बैलगाडीत भरून तुमच्या रानात इस्कटून आलो की मी. तुझ्या आईनंच सांगितलंतं."

एक एकर रान. त्यात पसरलेलं गाडीभर शेणखत, ढेकळं आणि धूळ. दुपारपर्यंत आम्ही हातांनी उकरत होतो. त्याला तीन गड्डे सापडले, तिन्ही चिरडलेले. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"असू द्या," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तुमच्या फळीचा नियम मला ठाऊक होता. तिथं ठेवायलाच नको होतं."

दुपारच्या एसटीनं तो परभणीला गेला. गाइडना सांगायला, की मुख्य झाडंच उरली नाहीत. आईला मी संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. तिनं हरणीपुढचा कडबा सारखा केला. मग म्हणाली, "दोन साल त्यानं जपला हुता गं माझा घास. आन् मला ठावं बी न्हाई." आणि पदर डोळ्याला लावला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आई अंगणातून ओरडली. मी धावत गेले. हरणीच्या हौदात पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. बर्फ! आमच्या गावात! आईनं बोटानं दाबून बघितला आणि बोट तोंडात घातलं. वाळक्या गवतावर पांढरी भुकटी दिसत होती. तीन दिवस तशी थंडी राहिली. सगळं गाव शेकोटीभोवती बसून होतं, म्हाताऱ्या माणसांनीही असं कधी पाहिलं नव्हतं.

मी मात्र रोज संकलन झालं की खुरपं घेऊन रानात जात होते. कशासाठी, ते मला विचारू नका. त्या मातीला पाण्याचा थेंब नव्हता, वर तीन दिवस गोठण. तिथं काय उरणार होतं? पण घरी बसवत नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी एक ढेकूळ उलटलं आणि जागीच बसले.

ढेकळाचा आकार चहाच्या कपाचा होता. खाली निमुळतं, वर रुंद. आणि त्याच्या वरच्या कडेला, शेणखताच्या भुग्यातून, तीन पानांचा एक कोंब बाहेर आला होता. हिरवा. नखाएवढा. मी डोळे चोळले. हात लावायची भीती वाटली. मग गुडघ्यांवर रांगत मी पूर्ण रान पालथं घातलं, आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन सापडले.

चोवीसांतले तीन. त्याच्या फ्रीझरपेक्षा कठोर परीक्षा पास झालेले.

त्याचा नंबर माझ्याकडे होता, पण फोन करायचा धीर होईना. संस्थेतून सभासदांना रोज दुधाचा मेसेज जातो, तसाच एक मी त्याला पाठवला. 'सभासद क्र. ४७. आजची जमा: जिवंत, ३.'

उत्तर आलं नाही. रात्रभर मी फोन बघत होते.

सकाळी सहाला रांग लागलेली. सटवामामा कॅन सरकवत होते, आई हरणीचं दूध घेऊन रांगेत उभी होती. आणि पहिल्या एसटीतून उतरलेला तो दारात आला. माकडटोपी तिरकी, डोळे लाल, बुटांना प्रवासाची धूळ.

"खरं?" एवढंच म्हणाला.

मी आमचा सत्तेचाळीस नंबरचा कॅन टेबलावर ठेवला. "झाकण काढा."

त्यानं काढलं. आत कपाच्या आकाराची तीन ढेकळं, त्यावर तीन कोंब. तो बघतच राहिला. एक बोट पुढे केलं, परत मागं घेतलं. 

"हौदात बर्फ झालता," मी म्हणाले. "तीन दिवस. आणि पाणी मी एक थेंब घातलं नाही. सापडेपर्यंत."

"गोठण आणि तहान... दोन्ही... एकदम..." तो माझ्याकडे बघत होता, की कोंबांकडे, कळेना. "दोन वर्षं मी ज्याच्या मागं होतो, ते तुम्ही उकिरड्यावर टाकून सिद्ध केलंत."

"तीन झाडांनी सिद्ध होतं का?"

"नाही होत," तो हसत, डोळे पुसत म्हणाला. "पण सुरुवात होते. यांची फांदी फांदी लावून वाढवीन, परत गोठवीन, परत सुकवीन. अजून दोन-तीन वर्षं लागतील. इथंच."

रांग पुढे सरकायची विसरून गेली होती. आई तर मापाच्या अगदी जवळ येऊन उभी होती.

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात, 'मला वाटलं'... आणि थांबलात," तो हळूच म्हणाला. "परभणीच्या गाडीत बसल्यावर मला कळलं काय वाटलं ते. माळाकोळाशी झाली माझ्या जिवाची, नुसती घालमेल. उतरून परत यावं असं वाटलं... पण हात रिकामे होते."

"म्हणजे तुम्ही दिला नव्हताच," मी म्हणाले. 

"नव्हता दिला. पण असा दुष्काळ असताना हातात असलेलं सगळं हिरवं कुणाला द्यावंसं वाटलं असतं, तर तुम्हालाच. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी जनुकं जरा उशिरा जागी होतात."

आणि मग त्यानं जे केलं, त्यानं सगळी संस्था थक्क झाली. त्यानं खिशातून निळा मार्कर काढला, दातांनी टोपण उघडलं, डाव्या तळहातावर ठळक अक्षरांत लिहिलं: ४७. दोन ढांगांत खिडकीपाशी गेला आणि तो हात फळीवर ठेवून उभा राहिला, निमूट, कानाच्या पाळ्या लालभडक झालेला.

सटवामामांच्या हातून या वेळी कॅन सुटलाच. सुदैवानं रिकामा होता.

मी आईकडे बघितलं. तिनं एकदा त्या कॅनातल्या कोंबांकडे बघितलं, एकदा फळीवरच्या हाताकडे.

"माझ्याकडं काय बघतीस?" ती म्हणाली. "नंबर तर आपलाच हाय."

मग मी काय करणार? ज्याचा नंबर, त्यानं उचलायचं. नियम संस्थेचा होता, आणि संस्थेची सचिव मी होते. मी गेले आणि तो हात उचलला.